धुळीचं काय घेऊन बसलात?

फुफाटा (रवि, रात्री १०:१४)

२३ जानेवारी २०२२चा रविवार मुंबईकरांना आठवत असेल. कराचीकडे उठलेलं धुळीचं वादळ सौराष्ट्रावरून, समुद्रावरून इकडे आलं होतं. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत सकाळी सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या. बोनेटवर बोट फिरवलं तर मैद्यासारखं मऊ. वॉचमन म्हणाला, "साहेब, रात्री पावडर पडली काय?" मी जुन्या पोस्टकार्डाने चमचाभर धूळ खरवडून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरली. बायकोचं म्हणणं, घरात आहे ती कमी पडते का. असो, डबी अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मुंबईत भरदुपारी स्वेटर निघाले होते. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय: एका दिवसाच्या धुळीने दुपार गार होत असेल, तर हजारो वर्षं उडत राहिलेल्या धुळीने काय केलं असेल?

थोडं वाचलं. अंटार्क्टिकात डोम सी नावाच्या पठारावर युरोपीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून खोल भोक पाडून बर्फाचे दंडगोल काढले आहेत. सर्वात खालचा बर्फ ८ लाख वर्षांपूर्वीचा. दरवर्षी पडलेल्या बर्फाबरोबर त्या वर्षीची धूळही दबून राहिलेली. आलेख काढला तर हिमयुगं आणि मधले उबदार टप्पे नुसत्या धुळीवरून ओळखू येतात. हिमयुग भरात असताना तिथे पडणारी धूळ उबदार काळाच्या सुमारे २५ पट! कणही कसले, साधारण दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाची जाडी सत्तरच्या आसपास धरा.

तर मुद्दा असा की हिमयुगं धुळीने आणली असं म्हणता येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (धुळीतून जेवढा पोचेल तेवढा.)

टिंबटिंब (रवि, रात्री १०:३१)

पहिला! आता वाचतो.

शंकासुर (रवि, रात्री ११:०२)

मूळ उदाहरणातच घोळ आहे. त्या दिवशीचा गारवा धुळीने आणला की गारवा आणि धूळ दोघांना एकाच वाऱ्याने आणलं? तेव्हा उत्तरेत पश्चिमी विक्षोभ आला होता. वारा जोराचा, हवा थंड, ढग होते. त्याच वाऱ्याने धूळ उचलली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

आणि हाच प्रश्न तुमच्या अंटार्क्टिकाच्या आलेखालाही लागू. दोन रेघा बरोबर वरखाली होतात म्हणजे एक दुसरीला नाचवते असं नाही.

फुफाटा (रवि, रात्री ११:२०)

विक्षोभाचा मुद्दा मान्य. तेवढी दुपार तुमच्या नावावर. पण मग आधी हे सांगा, थंडीत धूळ वाढते का?

खडकाळ (सोम, सकाळी ७:४८)

भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. सकाळचा चहा हातात आहे तोवर लिहितो.

थंडीत धूळ वाढतेच, आणि त्याला एक कारण नाही. थंड समुद्रावरून बाष्प कमी उठतं, पाऊस कमी, झाडोरा विरळ, जमीन उघडी. समुद्राची पातळी सव्वाशे मीटर खाली गेलेली, त्यामुळे किनाऱ्यालगतचा उथळ तळही उघडा. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातला तापमानाचा फरक वाढला की वारे जोरकस. हिमनद्या खडक दळून पीठ करतात. वितळत्या पाण्याबरोबर ते पीठ माळावर पसरतं, वाळलं की उडतं. आणि एकदा वर गेलेली धूळ खाली आणतो तो पाऊसच कमी, म्हणून ती जास्त दिवस आणि जास्त लांब फिरते. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. २५ पट धूळ पडली म्हणजे २५ पट धूळ उडाली असा हिशेब नाही.

तेव्हा शंकासुरांचं निम्मं बरोबर: धूळ हा थंडीचा परिणाम आहे. उरलेलं निम्मं मात्र भलतंच गुंतागुंतीचं. हवेतली धूळ ऊन परतवते, तेवढा गारवा. पण तीच धूळ जमिनीची उष्णताही धरून ठेवते; कण जितके जाड तितकं हे जास्त. खाली काळा समुद्र असेल तर धुळीचा पडदा एकूण थंड करतो. खाली बर्फ किंवा पांढरं वाळवंट असेल तर उलटं, कारण खालचं पृष्ठ धुळीहून उजळ. सरसकट "धूळ म्हणजे गारवा" हे चालायचं नाही.

सई_क (सोम, सकाळी ९:१५)

बर्फावरच्या धुळीवरून आठवलं. झांस्करला ट्रेकला गेले होते तेव्हा ज्यांच्या घरी राहिलो त्या आमा-लेंनी (म्हणजे आई) सांगितलं की थंडीआधी घरात माती साठवून ठेवतात आणि वसंतात शेतातल्या बर्फावर फेकतात. मातकट बर्फ ऊन पितो, लवकर वितळतो, पेरणीला आठवडे मिळतात. मला आधी वाटलं थट्टा करतायत.

खडकाळ (सोम, सकाळी ९:४०)

सई, फार मोलाचं उदाहरण दिलंस. हेच पृथ्वीच्या पातळीवर झालं असावं असं मानतात. शेवटच्या हिमयुगात कॅनडावर आणि स्कँडिनेव्हियावर दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर होते. सायबेरियाचा पूर्व भाग थंडीत त्यांच्या वरताण, तरी तिथे तसा बर्फाचा थर चढला नाही. एक कारण कमी हिमवृष्टी. दुसरं, हवामानाच्या मॉडेलांतून पुढे आलेलं: आशियातल्या वाळवंटांची धूळ तिथल्या बर्फावर पडायची आणि उन्हाळ्यात तो मळका बर्फ टिकायचा नाही. म्हणजे त्याच धुळीने एकीकडे पृथ्वी गार केली आणि दुसरीकडे बर्फाला बसूच दिलं नाही. तुमच्या आमा-लेंना हे पेपर न वाचता माहीत.

परदेशी पाटील (सोम, दुपारी १:०५)

कामानिमित्त दोन वर्षं चीनमध्ये शीआनला होतो. धूळ पाहायची असेल तर तिथे जा. माळच्या माळ, डोंगरच्या डोंगर धुळीचे! तिला लोएस म्हणतात. पिवळसर, हाताला टाल्कम पावडरसारखी, तरी कडा तोडली तर भिंतीसारखी ताठ उभी राहते. म्हणून लोक शतकानुशतकं त्यात गुहा कोरून राहिले. आत गेलो होतो: उन्हाळ्यात गार, भिंतीला पाठ टेकली की शर्ट पिवळा. १५५६च्या भूकंपात याच भिंती कोसळल्या आणि ८ लाखांवर माणसं गेली असं नोंदलेलं आहे.

लुओच्वानला एक मोठी घळ आहे. उभ्या कड्यावर पिवळा पट्टा, त्याखाली तांबूस, मग पिवळा, परत तांबूस. गाइड म्हणाला, पिवळा म्हणजे थंड कोरडा काळ, उत्तरेच्या वाऱ्याने धूळ आणून टाकली. तांबूस म्हणजे उबदार काळ, पाऊस चांगला, धूळ कमी, गवत वाढलं आणि त्याच धुळीची माती झाली. मी मोजायला लागलो, विसाच्या पुढे मान दुखली. सगळ्यात खालचा लोएस सुमारे २६ लाख वर्षांचा. पिवळ्या थरात आल्याच्या आकाराचे चुनखडीचे खडे सापडतात, आपल्याकडे विहीर खणताना निघतात तसे.

पीत नदी पिवळी का, हेही तिथे उभं राहिल्यावर विचारावं लागत नाही.

खडकाळ (सोम, दुपारी २:३०)

चिनी भूशास्त्रज्ञ लिऊ तुंगशेंग यांनी आख्खं आयुष्य या कड्यांवर घालवलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जमिनीवरची ही धूळ आणि समुद्रतळाचा गाळ एकच गोष्ट सांगतात. तांबूस मातीत चुंबकीय खनिजांचे अतिसूक्ष्म कण जास्त तयार होतात, त्यामुळे नुसतं चुंबकत्व मोजत कडा उतरलं तरी हिमयुगांचा आलेख मिळतो. २००२ साली त्यांना पर्यावरणविज्ञानातला टायलर पुरस्कार मिळाला.

टिंबटिंब (सोम, दुपारी २:५२)

मग आपली काळी मातीपण अशीच उडत आली का?

खडकाळ (सोम, दुपारी ३:१०)

नाही हो! आपली काळी माती बेसाल्ट कुजून झालेली, बरीचशी जागची, काही नदीने वाहून आणलेली. भारतात लोएस पाहायचा तर काश्मीरला जा. पांपोरच्या ज्या पठारांवर केशर पिकतं ती करेवा, त्यांच्या माथ्यावर हाच वाऱ्याने आणलेला थर आहे, मध्ये जुन्या मातीचे पट्टेही आहेत. पुढच्या वेळी केशराला इतका भाव का म्हणून दुकानदाराशी भांडताना आठवा.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला मात्र आकाशातून पडलेली एक गोष्ट आहे: ज्वालामुखीची राख, इंडोनेशियाकडून आलेली. तिच्या वयावरून अभ्यासकांत जुना वाद आहे. कोणी ७४ हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या टोबा ज्वालामुखीची म्हणतं, कोणी कितीतरी जुनी. पण राख वेगळी, धूळ वेगळी. ज्वालामुखीचा गारवा मुख्यतः गंधकाच्या वायूमुळे, दोन-तीन वर्षांत ओसरणारा. धुळीचं तसं नाही, हजारो वर्षं रोज थोडी थोडी.

शंकासुर (सोम, संध्या ६:२०)

वाचतोय. पण गाडी अजून तिथेच आहे. धूळ थंडीचा परिणाम, काही ठिकाणी गार करते, काही ठिकाणी गरम. जमाखर्च शून्याच्या आसपास असेल तर धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं देऊन कुलूप घाला.

वास्कोकर (सोम, रात्री ९:३३)

कुलूप घालायच्या आधी आमच्या दर्याकडे बघा. धुळीचा खरा खेळ आभाळात नाही, पाण्यात आहे.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक आहे. तरी तिथे सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, म्हणावे तसे वाढत नाहीत. ताट वाढलंय, मीठ नाही. ते मीठ म्हणजे लोह. लागतं अगदी किंचित, पण जमीन लांब, धूळ पोचत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगचे समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन म्हणाले की हिमयुगात पोचत होती! दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पातागोनियाचे माळ उडत होते, लोह समुद्रात पडत होतं, प्लवक फोफावत होते, हवेतला कार्बन ओढून मेल्यावर तळाशी नेत होते. १९८८मध्ये एका व्याख्यानात त्यांनी गमतीने म्हटलं, मला अर्धं टँकर जहाज लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. १९९३मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी गालापागोसजवळ पहिल्यांदा समुद्रात खरोखर लोह ओतून पाहिलं गेलं. पाणी हिरवं झालं. ते बघायला मार्टिन नव्हते.

फुफाटा (सोम, रात्री ९:५०)

हे वाचून अंगावर काटा आला. पण ती धूळ पातागोनियाचीच हे कशावरून? ऑस्ट्रेलिया, आफ्रिका पण आहेतच की त्या पट्ट्यात.

खडकाळ (सोम, रात्री १०:१५)

जातीच्या दाखल्यासारखा धुळीचाही दाखला असतो. :-) स्ट्राँशियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण प्रत्येक प्रदेशाच्या खडकात वेगळं. धूळ कितीही उडाली तरी ते प्रमाण फारसं बदलत नाही. पूर्व अंटार्क्टिकाच्या बर्फातली हिमयुगातली धूळ दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी जुळते. ग्रीनलंडची मात्र पूर्व आशियातल्या वाळवंटांशी. नुसत्या रंगावरून किंवा खनिजावरून सांगायला गेलं की फसगत होते.

शंकासुर (सोम, रात्री १०:४०)

बरं, मग आकडे सांगा. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड १८० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत १८०), उबदार काळात २८०. या शंभरात धुळीचा वाटा किती?

वास्कोकर (सोम, रात्री ११:१२)

वरच्या बाजूने धरला तर चाळीसच्या आसपास. कित्येक अंदाज त्याहून कमी आहेत. बाकीचं थंड पाण्यात जास्त विरघळलेला वायू, समुद्राच्या प्रवाहातले बदल, दक्षिणेच्या समुद्रावरचं बर्फाचं झाकण. शिवाय हिमयुग संपताना धूळ आधी खाली आली आणि त्यानंतरही हजारो वर्षं कार्बन डायऑक्साइड चढत राहिला. सगळं धुळीच्या माथी मारता येत नाही.

पण चाळीस म्हणजे काही थोडे नव्हेत. आणि पुरावाही आहे. दक्षिण अटलांटिकच्या तळावरच्या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या जीवांची कवचं मिळतात. कवचातल्या नायट्रोजनवरून कळतं की त्या काळी पाण्यातलं नायट्रेट किती वापरलं गेलं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, जेव्हा जेव्हा गाळात धूळ आणि लोह वाढलं तेव्हा तेव्हा नायट्रेटही जास्त संपलं. मार्टिनच्या बाजूने एवढा चोख साक्षीदार दुसरा नाही.

आता आमच्या घरचा साक्षीदार, विरुद्ध बाजूचा. २००९ची 'लोहाफेक्स' मोहीम. नावातच आपलं 'लोह' आहे. गोव्यात दोना पावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांची, वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे दोघे प्रमुख. जानेवारीत 'पोलारस्टर्न' जहाज केप टाउनहून निघालं. पर्यावरणवाद्यांनी ओरड केली, जर्मन सरकारने मध्येच थांबवलं, मग परवानगी मिळाली. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोह विरघळवून सोडलं. प्लवक वाढले. आणि मग? कोपेपॉड नावाचे चिमुकले समुद्री प्राणी आले आणि त्यांनी ते फस्त केले! तळाशी कार्बन जाणार तो या मंडळींच्या पोटातून परत पाण्यात. कारण तिथल्या पाण्यात सिलिका उरली नव्हती. काचेच्या कवचाचे डायाटम, जे सहजी खाल्ले जात नाहीत आणि जड होऊन बुडतात, ते वाढलेच नाहीत. याआधी २००४मध्ये सिलिका असलेल्या भोवऱ्यात असाच प्रयोग केला होता तेव्हा निम्मा तरी बहर हजार मीटरखाली गेला होता. तेच लोह, समुद्र दुसरा, निकाल दुसरा.

तेव्हा फुफाटा, धुळीला लोखंडाची गोळी समजू नका. घेणारा काय खाऊन बसलाय यावर सगळं.

शंकासुर (सोम, रात्री ११:३०)

हा प्रतिसाद आवडला. कुलूप परत खिशात.

मृण्मयी_ (मंगळ, सकाळी १०:०५)

सहाराचं नाव कसं कोणी घेतलं नाही अजून?

डार्विनपासून सुरू करते. १८३२च्या जानेवारीत त्याचं 'बीगल' जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्ड बेटांशी थांबलं होतं. डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाच्या जाळीदार कापडात तपकिरी धूळ गाळून अडकली होती, तिची पुडी त्याने जपून ठेवली. (फुफाटांची हिंगाची डबी खानदानी निघाली.) नंतर अशा पाच पुड्या बर्लिनच्या एरेनबर्ग या शास्त्रज्ञाकडे गेल्या आणि त्याला त्यांत ६७ प्रकारच्या सूक्ष्म जीवांचे अवशेष दिसले. बरेचसे गोड्या पाण्यातले. वाळवंटाच्या धुळीत गोड्या पाण्याचे जीव!

उत्तर असं की ते वाळवंट पूर्वी तसं नव्हतं. साधारण ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वी सहारात गवत होतं, पाणघोडे होते, आणि चाडचं तळं आजच्या कैक पट मोठं होतं. मॉरिटानियाजवळच्या समुद्रतळावरून काढलेल्या गाळात त्या काळातली धूळ एकदम कमी दिसते आणि सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी एकदम वाढते. तळं आटलं, त्याच्या तळावरचे डायाटम उघडे पडले. आज चाडमधलं बोदेले हे खोलगट जगातल्या सर्वात धुळकट जागांपैकी आहे, आणि ती पांढरी धूळ म्हणजे त्या तळ्यातल्या जीवांची कवचं. त्यातली काही अटलांटिक ओलांडून अ‍ॅमेझॉनपर्यंत जाते. उपग्रहावरून केलेल्या मोजमापानुसार आफ्रिकेच्या धुळीतून अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याला वर्षाला सरासरी २२ हजार टन फॉस्फरस मिळतो.

इथेही कोंबडी-अंडं आहेच. मॉडेलमध्ये सहारावर नुसतं गवत पेरलं तर पाऊस हवा तितका उत्तरेला जात नाही. धूळही कमी केली की मान्सून आणखी पुढे सरकतो, असं २०१६च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे पावसाने धूळ बसवली आणि बसलेल्या धुळीने पाऊस ओढला. पण तिथली धूळ ऊन किती शोषते हे गृहीतक बदललं की उत्तर बदलतं, हेही प्रामाणिकपणे सांगते.

टिंबटिंब (मंगळ, सकाळी ११:२०)

आणि डायनासोर? तेही धुळीनेच ना?

खडकाळ (मंगळ, सकाळी ११:४५)

ते वेगळं प्रकरण, पण थोडक्यात. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लघुग्रहाच्या आघातात धूळ, काजळी, गंधक यांतला मुख्य गुन्हेगार कोण यावर वाद आहे. २०२३मध्ये नॉर्थ डकोटातल्या टॅनिस इथल्या थरातले कण मोजले, ०.८ ते ८ मायक्रॉनचे निघाले. एवढी बारीक धूळ १५ वर्षांपर्यंत हवेत राहू शकते आणि प्रकाशसंश्लेषण जवळपास दोन वर्षं बंद पडू शकतं असं त्या मॉडेलचं म्हणणं. दख्खनच्या लाव्ह्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

सई_क (मंगळ, दुपारी ४:१०)

आणि सध्याचं काय? धूळ वाढतेय की कमी होतेय?

वास्कोकर (मंगळ, रात्री ८:५५)

२०२३च्या एका आढाव्यात औद्योगिक काळाच्या आधीपासून आतापर्यंत जगभरातली धूळ साधारण ५५ टक्क्यांनी वाढली असा अंदाज आहे. एकूण परिणाम किंचित गारव्याकडे, पण अनिश्चितता इतकी की शून्याच्या पलीकडेही जाऊ शकतो. खडकाळ सरांनी सोमवारी सकाळी चहाबरोबर सांगितलं तेच.

फुफाटा (मंगळ, रात्री ९:४०)

सगळ्यांचे आभार. माझं उत्तर मी असं बदललं: हिमयुग सुरू करणारी धूळ नाही; पृथ्वीची कक्षा आणि कल यांतल्या बदलांनी ढकललेल्या गाडीला उतारावर मागून रेटा देणारी धूळ. सायबेरियात मात्र तीच आडवी पडलेली.

आता डबीचं. तिच्यातली धूळ नक्की सिंधकडची की नाही हे घरी कसं ओळखावं?

खडकाळ (मंगळ, रात्री ९:५८)

घरी फार काही होणार नाही. चिमूटभर काचेवर घ्या, व्हिनेगरचा थेंब टाका, भिंगातून बघा. कोरड्या प्रदेशातल्या धुळीत चुनखडी असते, बुडबुडे यायला हवेत.

फुफाटा (मंगळ, रात्री १०:३५)

टाकला! बुडबुडे आले! बारीक, पण स्पष्ट. मुलीच्या भिंगातून दोघांनी पाहिले. हिंगाचा वास अजून येतोय. सिंधची धूळ, १०० टक्के!!

शंकासुर (मंगळ, रात्री १०:४१)

२०२२मध्ये तुमच्या सोसायटीशेजारी टॉवरचं काम चालू होतं का? सिमेंटलाही बुडबुडे येतात.

फुफाटा (मंगळ, रात्री १०:५६)

चालू होतं. दोन टॉवर.